चौकातली निवटी

सकाळचं पाणी जायची वेळ झाली की मनिषाच्या घरात कुणी कुणाशी धड बोलत नाही. पिंप भरायचं असतं, नवऱ्याची आंघोळ उरकायची असते, आणि नेमकं तेव्हाच लेकीला, मितालीला, कपडे धुवायचं सुचतं. त्या दिवशी दिनानाथ ओल्या केसांनी रिक्षाची किल्ली शोधत होता. मिताली गॅलरीत उभी राहून फोनवर मेंदीवालीशी घासाघीस करत होती. मनिषा तव्यावरची भाकरी उलटत पायानं बादली नळाखाली सरकवत होती. मितालीचं लग्न तोंडावर आलेलं, रुखवताचं निम्मं सामान अजून पिशव्यांत, आणि पंखा म्हणे आजच आवाज करायला लागला होता.

तेवढ्यात दार वाजलं.

दाराला बेल आहे. दूधवाला, कचरेवाला, खालची शिंदेबाई, सगळे बेल दाबतात. हे कुणीतरी काठीनं लोखंडी जाळी ठोकत होतं. मनिषानं गॅस बारीक केला, पदराला हात पुसले आणि दार उघडलं, तर समोर साळूआत्या. मागं जिन्यात तिचा मुलगा बाळ्या, हातात हेल्मेट, नजर खाली.

"आत्या? तू कशी आलीस?"

"बाळ्याच्या गाडीनं. वर पायानं."

साळूआत्या म्हणजे मनिषाच्या वडिलांची बहीण. पनवेलबाहेर, नेरे गावाच्या पुढं डोंगराच्या पायथ्याशी ठाकरवाडी आहे, तिथं राहते. मनिषा या बिल्डिंगमध्ये आली त्याला कैक वर्षं झाली, पण आत्या हा जिना कधी चढली नव्हती. सिमेंटच्या पायऱ्यांनी गुडघे बोलतात म्हणायची. आज चढली होती, पण उंबऱ्याच्या आत पाऊल टाकेना. कमरेचं गाठोडं सोडून तिनं ते दारातच, चपलांशेजारी, खाली ठेवलं.

मनिषानं गाठ ओळखली. तिचीच होती.

"हे तुजं तांदूळ," आत्या म्हणाली. "नारळ बी हाय आत. मी नाय येनार."

वाडीची रीत अशी, की लग्नघरातल्या भिंतीवर चौक काढायला जिला बोलवायचं, तिच्याकडं नवे तांदूळ आणि नारळ घेऊन जायचं. तिनं ते ठेवून घेतले की आमंत्रण पोचलं. मग ती तेच तांदूळ दळते, पीठ पाण्यात कालवते, बांबूची काडी दातांनी चावून तिचा कुंचला करते आणि गेरूनं सारवलेल्या भिंतीवर पांढरा चौक काढते. मध्ये आई, म्हणजे देवी. भोवती चंद्र-सूर्य, झाड, शिडी, फणी, फेर धरलेली माणसं. त्या चौकासमोर हळद लागते. चौक नसेल तर वाडीतली म्हातारी माणसं सरळ म्हणतात, लगीन नाय, जेवन झालं.

तांदूळ परत आलेले मनिषानं जन्मात पाहिले नव्हते.

"माझं काय चुकलं ते तरी सांग."

"मी फारमावर गेलते," आत्या म्हणाली. बाळ्या नेऱ्याच्या बाजूला एका फार्महाऊसवर राखणीला आहे. "याची भाकर इसरली व्हती, ती द्यायला. खिडकीतून बगतंय तं पलंगावर माजा चौक. शिवलेला. आन त्या चौकावर एक बाप्या बूट घालून निजलेला. आयेच्या तोंडावर टाच ठेवून."

बाळ्यानं हेल्मेट या हातातून त्या हातात घेतलं. "पाहुणा होता, ताई. मुंबईचा. थकलेला होता बिचारा."

"तू गप. बिचारा."

दिनानाथ अलिबागकडचा. त्यामुळं तो ना बायकोच्या बापाच्या डोंगरातला ना तिच्या आईच्या खाडीतला, आणि म्हणूनच त्याचं दोन्हीकडच्यांशी जमतं. तो टॉवेल खांद्यावर टाकून पुढं झाला. "आत्याबाई, रागवा, पण बसून रागवा. चहा टाकलाय."

"चा घेईन," आत्या म्हणाली. "चानं काय केलंय." आणि तिनं जिन्याच्या पायरीवर बसून, उंबऱ्याच्या बाहेरच, बशीतून चहा घेतला, कप विसळून परत दिला आणि मुलाच्या खांद्याला धरून उतरून गेली. तव्यावरच्या भाकरीचा तोवर कोळसा झाला होता.

मनिषानं गाठोडं उचलून देवाशेजारी ठेवलं. उघडलं नाही.

मितालीनं फोन बंद करून विचारलं, "मम्मी, मग चौकाचं काय? आपण स्टिकर लावू या का? ऑनलाइन मिळतो."

"तू कपडे वाळत घाल," मनिषा म्हणाली.

आता हे चौक पलंगावर कसे गेले ते सांगायला हवं, आणि त्यासाठी मनिषाच्या आईबापांच्या लग्नापासून सुरुवात करायला हवी.

मनिषाचे वडील गोरख, वाडीतले ठाकर. भातं कापून झाली की तो खाली खाडीकाठच्या गव्हाणला मिठागरावर कामाला यायचा. मनिषाची आई भामा, गव्हाणची आगरी. तिच्या बापाचा त्याच मिठागरात वाटा. मिठाचे ढीग ओढता ओढता दोघांचं कसं जमलं ते दोघांनीही कधी लेकीला सांगितलं नाही. जमलं एवढं खरं. गव्हाणवाले म्हणाले, डोंगऱ्याला पोर द्यायची नाय. वाडी म्हणाली, खाडीची पोर आपल्यात टिकायची नाय. मग दोघांनी मधलं गाव धरलं, पनवेल. बाजारामागं एक भाड्याची खोली घेतली. लग्नाला मुलीकडचं कुणी नाही, मुलाकडची एकच. साळू. ती तेव्हा विशीतली, पिठाचा गडू डोक्यावर घेऊन डोंगरावरून चालत आली.

आली खरी, पण खोलीला नुकताच चुना मारलेला. पांढऱ्या भिंतीवर पांढरं पीठ दिसणार कसं? घरमालक गेरू लावू देईना. साळू काडी हातात घेऊन रडकुंडीला आली. तेव्हा नवऱ्या मुलीनं, भामानं, आपलं विटकरी लुगडं पेटीतून काढलं आणि दोन खिळ्यांवर भिंतीला टांगलं. "याच्यावर काड," म्हणाली. साळूनं त्या लुगड्यावर चौक काढला आणि त्याच्यासमोर दोघांना हळद लागली.

ही गोष्ट मनिषानं लहानपणापासून ऐकलेली. पुढं आजोबांचा राग निवळला, मिठागर गेलं, जमिनी गेल्या, मामा पनवेलला येऊन भाचीला मांडीवर घेऊन बसायला लागले. तरीही गव्हाणात तिला कौतुकानंही "आमची डोंगरी" म्हणत आणि वाडीत "खाडीवाली". शाळेत तिला कुणी जात विचारली तर ती "पनवेल" म्हणायची. मास्तर हसायचे.

आईच्या हातात गोधडी होती. आगरी बायका घरोघर गोधड्या शिवायच्या, पण भामाचा धावदोरा तांदळाच्या दाण्याएवढा, एकसारखा, कडेनं सुरू होऊन आत आत फिरत जाणारा. मनिषा तिच्या शेजारी बसून शिकली. आणि सुट्टीत वाडीला गेली की आत्यामागं हिंडून चौक पाहायची. काडी मात्र आत्यानं तिच्या हातात कधी दिली नाही. हट्ट केला तर म्हणायची, "तुजी आय शिवती ना, ते शिक."

लग्न झालं, मिताली झाली, आई गेली, वडील गेले. मनिषा घरी गोधड्या शिवून द्यायची. एकदा नव्या पनवेलच्या चारुताताई आपल्या आईच्या साड्या घेऊन आल्या. आई वारली होती, साड्या टाकवत नव्हत्या, वापरवत नव्हत्या. त्यात एक गेरूच्या रंगाची इरकल होती. मनिषानं ती वरच्या थराला घेतली, पांढरा दोरा ओवला, आणि हात आपोआप चौकाकडं वळला. मध्ये आई, भोवती झाड, शिडी, चंद्र-सूर्य. काडीनं जे काढू दिलं नव्हतं ते सुईनं काढलं.

चारुताताईंनी गोधडी उलगडली आणि नाकाशी धरली. मग म्हणाल्या, "आई आवडीनं साड्या नेसायची. आता तिच्या साडीला घर मिळालं."

त्यांनी फोटो काढून मैत्रिणींना पाठवला. मैत्रिणींनी आपापल्या साड्या आणल्या. "वारली ना हे?" प्रत्येक जण विचारायची. "नाही, ठाकरांचा चौक," मनिषा सांगायची. "हो, म्हणजे वारलीच," त्या म्हणायच्या. तिनं नाद सोडला. एकीच्या नात्यातल्या आशालताबाई, त्यांचं नेऱ्याकडं फार्महाऊस. तिथल्या पलंगावर एक गोधडी गेली. बाळ्या तिथंच राखणीला आहे हे मनिषाला ठाऊक होतं, उलट तिला त्याचं कौतुकच वाटलं होतं. आत्याला आपण हे दाखवलं नाही, हे मात्र तिच्या कधी लक्षातच आलं नाही.

मितालीच्या रुखवतासाठीही तिनं एक शिवून ठेवली होती. सगळ्यांत मोठी.

रात्रभर तिला एकच गोष्ट टोचत राहिली. लग्नाला गव्हाणचे मामा येणार, मामी येणार, त्यांचा बेंजो येणार, हळदीला आगरी गाणी वाजणार. उरणची सोयरीक, तीही आगरीच. आईची बाजू मांडवभर असणार. बापाच्या बाजूचं त्या मांडवात काय असणार? एक चौक. तो नसला तर तिच्या लेकीच्या लग्नात गोरख ठाकर नावाचा माणूस कधी होऊन गेला याची खूणच राहणार नाही.

सकाळी तिनं कपाटाच्या तळातली जुनी गोधडी काढली, पिशवीत भरली आणि दिनानाथला म्हणाली, "मला वाडीवर सोड."

"तांदूळ घेतलेस?"

"घेतले."

आत्या अंगणात करवंदांची पाटी निवडत बसली होती. मनिषाला बघून तिनं पाटी जराशी सरकवली. याचा अर्थ बस.

मनिषा बसली. थोडा वेळ दोघी करवंदं निवडत राहिल्या. पिकलेली इकडं, हिरवी लोणच्याला तिकडं. मग मनिषानं पिशवीतून गोधडी काढली आणि आत्याच्या मांडीवर ठेवली.

"ही आईची. मी लहानपणी हीच घ्यायची. हिचा वरचा थर कुठला ते बघ."

आत्याला लांबचं दिसतं, जवळचं दिसत नाही. तिनं करवंदाच्या चिकानं काळी झालेली बोटं पदराला घासघासून पुसली आणि गोधडीवर फिरवली. विटकरी रंग आता मातकट झाला होता. पण पांढरा दोरा जागच्या जागी होता. बोटं शिडीवर चढली, झाडाच्या फांद्यांवरून गेली, मधल्या आईपाशी थांबली.

"हा माजा हात हाय," ती हळू म्हणाली.

"हो. तू लुगड्यावर काढलेलास ना, तोच. आई सांगायची, लुगड्याची घडी घातली तर पीठ पुसलं जाईल म्हणून लग्नाच्या दुसऱ्या दिवशीच ती सुई घेऊन बसली. चौक पुसायचा नसतो, आपला आपण झडला पाहिजे, हे तूच तिला सांगून गेली होतीस. तिनं तुझ्या रेघेरेघेवरून दोरा घातला."

"मना वाटलं, तिनं धुतलं आसंल," आत्या म्हणाली. "खाडीची बाई, तिला काय ठावं. मी कंदी इचारलं नाय."

मनिषाला वाटलं, झालं. आता आत्या निवळेल. ती म्हणाली, "मग आत्या, कापडावरचा चौक तर तूच पहिला काढलास. मी वेगळं काय केलं?"

आत्याची बोटं थांबली. "तुजी आय तुला हिच्यावर निजवायची काय?"

मनिषा उत्तर द्यायला गेली. तिला बाजारामागची ती खोली दिसली. खाली चटई, चटईवर दुसरी गोधडी, काळी-निळी, आणि ही कायम वर. पांघरायला. एकदा तिनं ही खाली अंथरली होती, भातुकली मांडायला, तर आईनं पाठीत धपाटा घातला होता. आईनं मारलेलं फार थोड्या वेळा, म्हणून लक्षात राहिलेलं. तिला वाटलं होतं, गोधडी मळेल म्हणून.

"नाही," ती म्हणाली. "पांघरायची."

"मंग?" आत्या म्हणाली. "खाडीच्या बाईला ठावं व्हतं. माज्या भावाच्या लेकीला नाय."

 मनिषा करवंदं निवडायला लागली आणि हिरवी पिकल्यात टाकायला लागली. आत्यानं ती परत वेचली.

"आन शिवतीस कशी? त्याच्यावरच बसून?"

गोधडी मोठी असते, जमिनीवर पसरूनच शिवावी लागते, आणि शिवणारी तिच्यावर बसतेच. मनिषानं मान हलवली.

"भामीनं मांडीवर घेऊन शिवला आसंल. आदी चौक, मंग बाकीची गोधडी. तुजा उलटा कारबार."

असं म्हणत आत्याची बोटं पुन्हा फिरायला लागली, आणि खालच्या कोपऱ्यात, फेर धरलेल्या माणसांच्या पायाशी, एकदम अडली. तिनं तिथं दोनदा हात फिरवला.

"हे काय? हे मी नाय काडलं."

मनिषा वाकली. माहीत होतं तिला, पण इतकी वर्षं कुणी विचारलं नव्हतं. "निवटी."

"काय?"

"निवटी. खाडीतली मासळी. चिखलात उड्या मारते बघ, डोळे वर टपोरे. आईनं आपल्या मनानं घातली."

 आत्याचे खांदे हलायला लागले. बोळक्या तोंडानं ती आवाज न करता हसत होती, डोळ्यांना पाणी येईपर्यंत. "चौकात निवटी. आयेच्या चौकात निवटी. कंदी कुनी आयकलं न्हवतं." पदरानं डोळे पुसून ती म्हणाली, "आसू दे. तिचं बी लगीन व्हतं."

उठताना मनिषानं तांदळाचं गाठोडं काढून पाटीशेजारी ठेवलं. आत्यानं त्याच्याकडं पाहिलं, हात लावला नाही.

"ज्यांच्या घरी गेलेत त्यांना सांग. अंथरायचं नाय, पांघरायचं. सगळ्यांना. मंग मी दळते."

हे ऐकायला सोपं आणि करायला अवघड. आपण विकलेल्या वस्तूबद्दल लोकांना घरी जाऊन सांगायचं, की ती अशी वापरू नका. मनिषा चारुताताईंकडं गेली तेव्हा दारात दोनदा चप्पल काढून पुन्हा घातली.

आत हॉलमध्ये दिवाणावर ती पहिलीच गोधडी अंथरलेली, तिच्यावर चारुताताईंचे यजमान सत्यजीत पेपर वाचत लोळत होते. मनिषानं सगळं सांगितलं, आत्याचे तांदूळ, बूट, धपाटा. चारुताताई ऐकता ऐकता नवऱ्याकडं बघायला लागल्या.

"उठा," त्या म्हणाल्या.

"मी काय केलं?"

"माझ्या आईच्या साडीवर, देवीवर पाय ताणून बसलाय. उठा आधी."

सत्यजीत पेपरासकट खुर्चीत गेले. "सासूबाई असताना मी त्यांच्यासमोर पाय ताणायची हिंमत केली नव्हती," ते मनिषाला म्हणाले. "आता नकळत झालं. माफी."

चारुताताईंनी गोधडी घडी करून मांडीवर घेतली. "अगं, मला हे आधी सांगितलं असतंस तर मी कशाला अंथरली असती?"

"मलाच काल कळलं, ताई."

त्यांनी मग तिथंच बसून सगळ्या मैत्रिणींना फोन केले. एकीनं लगेच ऐकलं. दुसरीनं तर गोधडी फ्रेम करून भिंतीला लावली होती, तिला कौतुक वाटलं की आपण न सांगताच बरोबर वागलो. एकीनं चौकापुढं दिवा लावू का विचारलं, तिला नको म्हणून सांगावं लागलं. आशालताबाई मात्र अडल्या. "मनिषा, मला पटतं गं," त्या फोनवर म्हणाल्या, "पण ते गेस्ट रूम आहे. येणाऱ्या प्रत्येकाला मी काय उभं राहून शिकवू? आणि ती गोधडी काढली तर तो पलंग अगदीच ओकाबोका दिसतो."

मनिषाला वाटलं, हे आत्याला सांगायला नको. एकच तर आहे. पण रात्री तिनं बाळ्याला फोन करून सगळं खरं ते सांगितलं.

बाळ्या ऐकून म्हणाला, "ताई, मालकीनबाई महिन्यातून एकदा येतात. रोज पलंग कोण आवरतं? मीच ना. पाहुना यायच्या आधी मी गोधडी घडी घालून उशाशी ठेवीन. थंडी वाजली तर पांघरतील. नाय वाजली तर नाय. अंथरायला काळी चादर हाय माज्याकडं."

"हे आत्याला सांगशील?"

"ती इथंच बसलीय. आयकतीय."

मागून आत्याचा आवाज आला, "चार आयकतात, एक नाय आयकत. वऱ्हाडात बी तसंच आसतं." आणि जरा थांबून, "गिरनीवाला कुठं हाय तुमच्याकडं? घरचं जातं मोडलंय."

त्या आठवड्यात मनिषानं आणखी एक काम केलं. रुखवताची ती मोठी गोधडी काढली आणि चौकाचा टाका न् टाका उसवला. मितालीनं डोक्याला हात लावला. "मम्मी, लग्नाला आठवडा नाही राहिला आणि तू तयार झालेलं उसवतेस?"  मनिषानं चौक मांडीवर घेऊन पुन्हा शिवला, मध्यातून बाहेर, बाकीची गोधडी दोन्ही बाजूंना गुंडाळून. मांडीला मुंग्या यायच्या. मग मिताली आपण होऊन समोर बसली आणि दुसऱ्या बाजूनं शिडी शिवायला लागली. तिचे टाके मोठे, ओबडधोबड. मनिषानं ते तसेच ठेवले.

आत्या हळदीच्या आदल्या दिवशी आली. या खेपेला बेल वाजली. बाळ्यानं वाजवली असणार. ती उंबऱ्याच्या आत आली आणि भिंतीवरून हात फिरवून तिनं तोंड वाकडं केलं. भिंतीला ऑइलपेंट, मोतिया रंगाचा, गुळगुळीत. पीठ टिकायचं नाही आणि टिकलं तरी दिसायचं नाही.

"तेव्हाचंच परत," ती म्हणाली.

मनिषा कपाटाकडं वळली. आईचं एकही लुगडं आता उरलं नव्हतं, सगळी कुठल्या ना कुठल्या गोधडीच्या पोटात गेली होती. तोवर आत्यानंच आपल्या पिशवीतून एक विटकरी लुगडं काढलं. विरलेलं, पण स्वच्छ.

"माजं हाय. धुतलेलं हाय. तेव्हा तिनं दिलं, आता मी देते. टांग."

दिनानाथनं खिळे ठोकले. आत्यानं काडी चावली, कालवलेल्या पिठात बुडवली आणि चौक काढायला लागली.  मिताली मेंदीचे हात वर धरून बघत होती. गव्हाणच्या मामी आल्या, दारातच उभ्या राहिल्या, "किती सुंदर काडतात गो," म्हणाल्या आणि आत्यासाठी चहा ठेवायला आत गेल्या.

आई झाली, चंद्र-सूर्य झाले, झाड झालं, माणसांचा फेर झाला. खालचा कोपरा आत्यानं मोकळा ठेवला. मग ती मागं सरकली आणि काडी मनिषापुढं धरली.

"मना निवटी नाय येत. मी ती कालवनातच बगितली. तू काड."

मनिषानं काडी घेतली. पिठात बुडवली. निवटीचं अंग सोपं असतं, शेपूटही, पण डोळे नेमके डोक्यावर बसले पाहिजेत. पहिला डोळा जरा खाली आला.

"आंधळी वाटती," आत्या म्हणाली.

दुसरा बरोबर बसला. आत्यानं लांब जाऊन, डोळे बारीक करून पाहिलं. "आता बगती," म्हणाली, आणि चहा घ्यायला खाली बसली. या खेपेला घरात, भिंतीला टेकून.

लग्न नीट लागलं. बेंजोवाल्यांनी वेळेपेक्षा जास्त वाजवलं आणि आत्यानं दोन वेळा जिलेबी मागून घेतली. रुखवताच्या टेबलावर लाडू, करंज्या, लोकरीचं तोरण, आणि मधोमध घडी घातलेली ती गोधडी, चौक वर दिसेल अशी. निघायच्या वेळी उरणच्या विहीणबाई रुखवत बघायला आल्या. मोकळ्या स्वभावाच्या बाई, कोपरापर्यंत बांगड्या. त्यांनी गोधडीवरून हात फिरवला, कोपऱ्यात मनिषानं मागाहून शिवलेल्या निवटीवर थांबल्या आणि हसल्या.

"आमच्या खाडीची ही इथं कशी आली गो?"

"माझ्या आईची आहे," मनिषा म्हणाली.

"लय भारी झालीय. तुमच्या जावयानं, प्रणितनं, नवीन पलंग घेतलाय, त्याच्यावर अंथरायला अगदी बरोबर मापाची."

पलीकडं खुर्चीत बसलेल्या आत्यानं जिलेबी हातातच धरली. मिताली गाडीत बसायची थांबून मागं वळली होती. मनिषानं गोधडी उचलली, छातीशी धरली आणि विहीणबाईंच्या हातात दिली.

"विहीणबाई, माझं एवढंच ऐका. ही अंथरू नका. पांघरा."